गाठीपाशी थांबलेली वाफ

परभणी जिल्ह्यात वाफेवर चाललेली जुनी कापडगिरणी शोधायची, असे मनाशी धरून मी कामाला लागलो होतो. तसे धरण्याला कारण होते. लहानपणापासून गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘जुनी गिरणी’ हा शब्द ऐकलेला. सेलूला गिरणी, मानवतला गिरणी, परभणीला स्टेशनाजवळ गिरणी, तिकडे हिंगोलीलाही गिरणी. गिरणी म्हटली की डोळ्यांपुढे मुंबई येते, सोलापूर येते : चाती, माग, साचेखाते, भोंगा, पाळी सुटल्यावर रस्त्यावर लोटणारी माणसे. पण या गावांतल्या ज्या कुठल्या जुन्या आवारात शिरावे, तिथे माग बसवल्याची एकही खूण दिसेना. एक उंच धुराडे किंवा त्याचा उरलेला बुंधा, एक लांबलचक इमारत, तिच्या शेजारी तिच्याहून उंच पण आखूड दुसरी इमारत, एक विहीर किंवा हौद, आणि बाकी सगळे मोकळे मैदान. सूत कातायला इतके मैदान कशाला लागते?

मैदान लागते ते कापसाच्या गाड्या उभ्या राहायला. ती गिरणी कापडाची नव्हतीच. ती जिनिंग होती, आणि शेजारची उंच इमारत प्रेसची. आपल्या बोलीत दळणाची ती गिरणी, तेलाची ती गिरणी, सुताची ती गिरणी आणि सरकी काढायची तीही गिरणीच. शब्द एक असल्यामुळे माझी दिशाभूल झाली खरी, पण पुढे वाटू लागले की मराठवाड्यातल्या कापसाचा निम्मा इतिहास या घोटाळ्यातच आहे. वाफेचे इंजिन या जिल्ह्यात आले. बोंडातला कापूस घेऊन त्याची रुई केली, रुईची गाठ केली आणि तिथेच ते थांबले. गाठ पुढे गेली. सूत आणि कापड झाले ते दुसरीकडे.

ही इमारत आधी नीट पाहून घेऊ. वाफेवरच्या जिनिंगची रचना सगळीकडे साधारण सारखी असे, कारण यंत्रे एकाच ठिकाणाहून, बहुतेक इंग्लंडातल्या लँकेशायरहून येत. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे नाव त्यात मोठे. एका बाजूला बॉयलरघर. त्यात आडवा, लांब, लोखंडी बॉयलर. आत दोन नळकांडी, त्यांत कोळसा किंवा लाकूड जळायचे. धूर जमिनीखालच्या बोगद्यातून धुराड्याकडे. धुराडे उंच बांधायचे ते दिमाखासाठी नव्हे. उंची जितकी जास्त तितकी हवेची ओढ जास्त आणि जाळ चांगला. शिवाय कापसाच्या आवारात ठिणगी म्हणजे काळच. बॉयलरला लागून इंजिनघर आणि त्यात माणसाच्या दुप्पट उंचीचे गरगर फिरणारे चाक. त्या चाकावरून पट्टा जिनघराच्या लांब शाफ्टवर, आणि शाफ्टवरून एकेका जिनला एकेक पट्टा. एक इंजिन फिरले की ओळीतली सगळी यंत्रे फिरत. इंजिन थांबले की सगळी थांबत. यातून एक गोष्ट ओघानेच आली. यंत्रापुढे बसलेल्या बाईला आपल्या सोयीने थांबता येत नसे.

जिन तसे पाहिले तर साधे यंत्र. अमेरिकेत फोन्स मॅकार्थी नावाच्या गृहस्थाने १८४० मध्ये त्याचे पेटंट घेतले. चामडे गुंडाळलेला एक रूळ फिरत असतो, त्याला एक पाते घट्ट टेकलेले असते आणि दुसरे पाते खालीवर हलत असते. रुळाचे खरखरीत चामडे कापसाचे तंतू धरून ओढते, पात्याच्या फटीतून सरकी जाऊ शकत नाही, हलते पाते तिला टोले देत सोडवते. रुई पलीकडे पडते, सरकी जाळीतून खाली. व्हिटनीचे करवतीच्या दातांचे जिन अमेरिकेत गाजले होते, पण आपल्या आखूड धाग्याच्या कापसाला ते दात तोडून टाकत. म्हणून इथे रुळाचे जिन रुजले आणि आजही सुधारलेल्या रूपात, दोन रुळांचे, तेच चालते. शंभर किलो कापूस घातला तर तेहेतीस-चौतीस किलो रुई निघते. बाकी सरकी आणि थोडी घट. हे प्रमाण लक्षात ठेवावे; पुढे त्याच्यावरच बरेच काही अडणार आहे.

शेजारच्या प्रेसघरात ही फुगीर रुई खोल पेटीत टाकत, माणसे तिच्यात उतरून ती पायांनी तुडवत, आणि मग पाण्याच्या दाबावर चालणारा दट्ट्या तिला दाबून दगडासारखी करी. वर गोणपाट, भोवती लोखंडी पट्ट्या. मुंबईच्या व्यवहारातली गाठ ३९२ पौंडांची आणि दोन गाठींची एक खंडी, म्हणजे ७८४ पौंड. आज गाठ १७० किलोंची धरतात, तरी रुईचा भाव अजून खंडीवरच बोलला जातो. बैलगाडीवर रुईचा ढीग वाऱ्याने उडे आणि आगगाडीच्या डब्यात मावत नसे. डब्याच्या मापात बसणारी वस्तू तिची झाली ती प्रेसमध्ये. म्हणून रेल्वे आणि प्रेस ही जुळी भावंडे आहेत. रेल्वेशिवाय प्रेस कोणी बांधत नाही आणि प्रेसशिवाय रेल्वेला कापूस परवडत नाही.

परभणीत ही जुळी भावंडे आली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. हैदराबादहून निघून नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना, औरंगाबाद करत मनमाडला मिळणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. ते वर्ष दुष्काळाचे. १८९९-१९०० चा दुष्काळ मराठवाड्यात भयंकर होता आणि त्याचे चटके औरंगाबाद, परभणी, बीड या भागांना विशेष बसले. त्याच हंगामांत रुळांवरून पहिली इंजिने धावली. या लोहमार्गाने दोन गोष्टी शक्य केल्या. इथला कापूस मुंबईच्या वाटेला लागला, आणि निजामाच्याच राज्यातल्या सिंगरेणीच्या खाणींतला कोळसा इथे पोहोचू लागला. रेल्वे सुरू झाल्यावर अवघ्या काही वर्षांत एकट्या जालन्यात कापसाची ९ जिनिंग आणि ५ प्रेस उभ्या राहिल्या. १९०१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसमध्ये १०१६ माणसे कामाला होती. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परभणीचा रस्ता त्याच्या अंगणातूनच जातो. तीच लाट रुळांबरोबर सेलू, मानवत, परभणीकडे सरकली. मानवतचे गाव स्टेशनापासून दूर. म्हणून ‘मानवत रोड’ नावाचे स्टेशन झाले आणि मधली वाट बैलगाड्यांनी झिजवली. १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीला फाटा गेला आणि तिथला बाजारही रुळाला जोडला गेला.

पण थोडे मागे जायला हवे, कारण जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा आहे आणि नदीच्या पलीकडे सगळे तीस-चाळीस वर्षे आधी घडून गेले होते.

वऱ्हाड मुळात निजामाचेच. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरचे डोळे हिंदुस्थानाकडे लागले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० च्या मार्चमध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने येऊन खामगावच्या फाट्याचे उद्घाटन केले. कापसाच्या एका बाजारगावासाठी व्हाइसरॉय येतो यावरून त्या पांढऱ्या बोंडाचे वजन कळावे. रॅली, व्होलकार्ट अशा युरोपी पेढ्यांचे लोक वऱ्हाड-खानदेशात ठाण मांडून बसले. पैनगंगेच्या अलीकडे, हिंगोली-परभणीच्या काळ्या जमिनीत, कापूस तोच आणि शेतकरी तसाच. फरक राज्याचा. इकडच्या मालाला करोडगिरीचे नाके ओलांडावे लागत. संस्थानाचे नाणे हाली शिक्का, पलीकडचे कलदार. दोहोंचा भाव सारखा बदलणारा, आणि त्या बदलात सावकाराचे पोट भरे. रुळ तर नव्हतेच.

त्याही आधी, कापूस वाहायचे ते लमाणांचे बैल. वऱ्हाडचा कापूस पाचशे मैलांवर गंगाकाठी मिर्झापूरला तांड्यांनी जात असे, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. तो मुंबईकडे वळवण्याचा पहिला मोठा उद्योग १८२०-३० च्या दशकांत विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंनी केला. हैदराबादच्या निजामाचे हे सावकार. त्यांनी रस्ते केले, कापूस दाबायचे मळसूत्री दाब बसवले, औरंगाबादेत नाणी पाडली. ‘पेस्तनशाही’ रुपया तो हाच. पुढे सरकारकडचे कर्ज वसूल होईना आणि पेढी बुडाली. मराठवाड्याच्या कापसाच्या इतिहासात यंत्र आणण्याची ऐपत असलेल्या माणसाचे पुढे काय होते, याचा हा पहिला दाखला.

तर मूळ प्रश्नाकडे. कापूस इथे, १९०० नंतर रेल्वे इथे, कोळसा येऊ लागलेला, मजूर तर दुष्काळाने हवे तितके. मग परभणीत कापडगिरणी का नाही?

पिकाजवळ गिरणी काढावी हा विचार त्या वेळी नवा राहिलेला नव्हता. जमशेटजी टाटांनी तो १८७४ मध्येच केला होता. मुंबईत गिरण्यांची गर्दी होत असताना त्यांनी नागपूर निवडले : कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, हातमागांसाठी सूत घेणारा बाजार जवळ. १५ लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली. जागा घेतली ती तळ्याकाठची पाणथळ. ती भरून काढायला माती पडू लागली तेव्हा एका स्थानिक सावकाराने हा माणूस मातीत सोने ओततो आहे म्हणून पैसे द्यायला नकार दिला आणि पुढे आपलीच चूक कबूल केली, ही गोष्ट टाटांच्या चरित्रांत आवर्जून येते. १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस. व्यवस्थापक म्हणून टाटांनी नेमले ते बेझनजी मेहता रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, कापडाचा गंध नसलेले. गिरणीला रेल्वे कळणारा माणूस आधी हवा, हे टाटांना उमगले होते.

निजामाच्या राज्यातही गिरण्या निघाल्याच. हैदराबादला १८७० च्या दशकात, गुलबर्ग्याला महबूबशाही १८८० च्या दशकात, आणि १८८९ मध्ये औरंगाबादला. विसाव्या शतकाच्या आरंभी संपूर्ण संस्थानात सूत-कापडाच्या मोठ्या गिरण्या या तीनच. औरंगाबादच्या गिरणीत सातशेपर्यंत माणसे काम करत. या तारखेकडे मी पुन्हापुन्हा पाहत राहिलो. १८८९ मध्ये औरंगाबादला रेल्वे नव्हती. मनमाड किंवा नांदगावच्या स्टेशनावर उतरवलेले बॉयलर, इंजिने, साचे तिथून पुढे रस्त्याने, बैलांच्या बळावर आणावे लागले. म्हणजे रेल्वे नसताना गिरणी आली. आणि रेल्वे आल्यावर त्याच मार्गावर पुढे गावोगाव आल्या त्या जिनिंग.

यात विसंगती वाटते ती वरवरची. रेल्वे नसताना कच्चा कापूस बाहेर नेणे इतके महाग पडे की तो इथेच कातण्यात काही अर्थ होता. सूत वजनाला हलके, किमतीला भारी. रेल्वेने कच्चा माल बाहेर नेणे स्वस्त केले आणि इथे कातण्याचे कारणच काढून घेतले. व्यापाऱ्याच्या बाजूने पाहा. जिनिंगला भांडवल थोडे लागते, काम दसऱ्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते, पैसा त्याच हंगामात फिरून हातात येतो. कापडगिरणीत तो वर्षभर अडकतो. बारा महिने मजूर, बारा महिने कोळसा, सुटे भाग मुंबईहून, आणि मराठवाड्याच्या फेब्रुवारी-मेच्या कोरड्या हवेत धागा तुटतो तो वेगळाच. शिवाय हा मार्ग मीटर गेजचा. मनमाडला प्रत्येक गाठ अरुंद रुळांच्या डब्यातून उतरवून रुंद रुळांच्या डब्यात चढवायची. गाठीला हा एक हेलपाटा परवडतो. यंत्र, कोळसा, सूत, कापड अशा येण्याजाण्याच्या प्रत्येक जिनसेला तो करायचा म्हटला की हिशेब बिघडतो. हे मनमाडचे माल-पालट थेट १९९० च्या दशकात, मार्ग रुंद होईतो चालू होते. शेवटी गिरणी आली तीही नांदेडला, १९२० च्या दशकात, संस्थानाच्या आश्रयाने : उस्मानशाही. तिथून पुढे वरंगळला आझमजाही, १९३४ मध्ये. नांदेड आणि जालन्याच्या मधला हा सगळा पट्टा गाठी बांधून दोन्हीकडे पाठवत राहिला. मुंबईतून त्या गाठी जपानलाही जात. आखूड धाग्याचा हिंदी कापूस दुसऱ्या महायुद्धाआधी सर्वांत जास्त घेणारा तोच देश. १९३३ मध्ये जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला तेव्हा ओसाकात घेतलेल्या निर्णयाचा धक्का इथल्या बाजारांनाही चुकणार नव्हता.

धंदा किती सोपा झाला होता याचे एक उदाहरण वऱ्हाड-खानदेशातले आहे. तिथे जिनिंग इतकी झाली की कापूस पुरेना. मग मालकांनी ‘पूल’ केले : सगळ्यांनी मिळून सरकी काढण्याचा दर ठरवायचा, त्यातल्या काहींनी कारखाना बंदच ठेवायचा आणि नफ्यातला वाटा घ्यायचा. धुराडे बांधून त्यातून धूर न काढता पैसे मिळवण्याची ही युक्ती. १९१७-१८ च्या इंडियन कॉटन कमिटीने तिची दखल घेतली होती.

आता आतल्या माणसांकडे, म्हणजे मुख्यतः बायकांकडे. जिनपुढे बसून कापूस सोडणे हे काम बायकांचे मानले गेले, कारण ते ‘हलके’. लोखंडी रुळापुढे बारा-चौदा तास, नाकातोंडात तूस, पट्ट्याच्या तडाख्यात पदर अडकू नये म्हणून सावध, आणि पात्यांचा आवाज असा की शेजारणीशी बोलायचे तर हातवाऱ्यांनी. मुंबईच्या १८८४-८५ च्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनिंगविषयी साक्षी झाल्या. पहाटे चार-पाचला बसलेल्या बायका रात्री दहापर्यंत काम करतात आणि कापसाचा लोट आला की तेच हात रात्रीही राबवले जातात, असे व्यवस्थापकांनीच सांगितले. त्याच काळात नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेत होते, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज देत होते. १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली ती त्या चळवळीमुळे. मुंबईच्या कामगाराला वर्षभर एकाच गिरणीत, एकाच चाळीत राहून संघटना बांधता आली. जिनिंगची बाई चार महिन्यांची. हंगाम संपला की ती पुन्हा खुरपणीला, पुन्हा खडी फोडायला. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर माणसांहून लहान आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता. म्हणजे जिनिंग त्यातून बरोबर निसटत. १८९१ मध्ये कायदा पन्नास माणसांवर आला, बायकांचे तास अकरावर आले. तोही इंग्रजी मुलखात. पैनगंगेच्या अलीकडे तो कायदा नव्हता.

माझ्या आजीच्या बोलण्यात घड्याळ कधी आले नाही. भोंगा यायचा. पहिल्या भोंग्याला भाकरी, दुसऱ्याला फाटक. हंगाम नसला म्हणजे वेळ कशी कळायची, असे मी एकदा विचारले तर ती म्हणाली, “हंगाम नसला तर वेळ कळून करायचं काय बाबा?”

इथवर पैशाची आणि घामाची गोष्ट झाली. पण वाफेच्या जिनिंगने या जिल्ह्याचे जे सर्वांत मोठे नुकसान केले ते मला तिसऱ्याच ठिकाणी दिसते. ते सरकीत आहे.

वाफेआधी सरकी घरी निघे. दोन लाटांची चरकी, एक लाकडाची, एक बारीक लोखंडाची. एका हाताने फिरवायची, दुसऱ्याने कापूस लावायचा. दिवसभरात दोन-तीन किलो रुई निघाली तर पुष्कळ. रुई पिंजाऱ्याकडे जाई, सूत घरी कातले जाई किंवा कोष्ट्याला विकले जाई. सरकी मात्र घरातच उरे. त्यातली चांगली, टपोरी बाजूला काढून, शेणमातीत चोळून, पुढच्या मृगाला पेरायची. हे काम बहुतेक बाईच करी, आणि कोणत्या शेतातली, कोणत्या वेचणीची सरकी बियाण्याला ठेवायची हे तिला ठाऊक असे. या भागातली जात गावरानी. देशी कापसात लांब धाग्याची म्हणून तिचे नाव होते, जसे वर्धेकडच्या हिंगणघाटच्या ‘बनी’चे. चांगल्या जातीचा एक दोष असा की तिच्या बोंडात रुईचे प्रमाण कमी आणि सरकीचे जास्त.

जिनिंग आली आणि कापूस घरी न थांबता सरळ बाजारात गेला. दहा गावांच्या गाड्या एका मैदानात रिकाम्या झाल्या. गावरानी, वऱ्हाडी, जाडेभरडे, पहिल्या वेचणीचे, शेवटच्या वेचणीचे सगळे एकाच ढिगात. रूळ जात ओळखत नाही. खालच्या जाळीतून पडलेली सरकी म्हणजे दहा गावांची मिसळ, आणि पेरणीच्या वेळी शेतकरी बियाणे घ्यायला त्याच जिनिंगच्या फाटकाशी येऊ लागला. घरची सरकी कुठे उरली होती? त्यात व्यापारी पैसे मोजी ते रुईच्या उताऱ्यावर. शंभर किलोत तेहेतीस निघतात की सदतीस, एवढेच पाहिले जाई. धागा किती लांब हे मुंबईला गाठ फुटल्यावर कळे, तोवर शेतकऱ्याचे पैसे चुकते झालेले असत. मग जाड, आखूड धाग्याच्या पण उतारा जास्त देणाऱ्या ‘जरी’ने बनीला आणि गावरानीला शेतातून हुसकले. शेतकऱ्याला मूर्ख ठरवण्याचे कारण नाही. बाजार ज्याचे पैसे देतो ते तो पेरतो.

हे सरकारांच्याही ध्यानात आले, पण उशिरा. मुंबई इलाख्यात १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा झाला होता. तो रुईत पाणी मारणे, माती-सरकी मिसळणे यांच्यासाठी, आणि १८८२ मध्ये तो गुंडाळलाही गेला. मिसळीचा खरा विचार १९१७-१८ च्या कमिटीने केला. तिच्यानंतर १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी आली. १९२३ मध्ये एका भागातला कापूस दुसऱ्या भागात नेण्यावर बंधने घालणारा कायदा झाला, आणि १९२५ मध्ये प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक छापणे बंधनकारक झाले, म्हणजे लबाडी कुठे झाली ते शोधता यावे. निजाम सरकारनेही गावरानीच्या रक्षणासाठी लागवडीवर आणि वाहतुकीवर बंधने घालणारा कायदा केला, नांदेडला कापूस संशोधन सुरू केले. परभणीला शेतीच्या प्रयोगांचे क्षेत्र १९१८ मध्येच उघडले होते. पुढे १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले ते याच गावात. आज त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. विद्यापीठाच्या देशी कापसाच्या पैदाशीतून ‘परभणी तुराब’सारखे, अमेरिकन कापसाच्या तोडीचा धागा देणारे वाण निघाले. एका अर्थाने जिनिंगच्या ढिगात हरवलेली गोष्टच तिथले शास्त्रज्ञ पुन्हा शोधत होते.

तोवर शेतातला प्रश्न बदललेला होता. १९७० मध्ये गुजरातेत संकरित कापूस आला, नांदेडच्या केंद्राचा ‘एनएचएच ४४’ मराठवाड्यात घरोघर पोहोचला, आणि २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. संकरिताची सरकी पेरून उपयोग नसतो. बियाणे दरवर्षी पाकिटातून.

इमारतींचे काय झाले तेही थोडक्यात. वाफेची इंजिने एकेक करून गेली, आधी तेलाची इंजिने आणि मग वीज आली. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाल्यावर शाफ्ट, पट्टे आणि ते मोठे चाक भंगारात गेले. धुराडे पाडायला खर्च येतो, म्हणून काही ठिकाणी ते तसेच राहिले. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि या मैदानांना पुन्हा जाग आली. खरेदी करणारे सरकार एकटेच. गाड्यांच्या रांगा फाटकाबाहेर सडकेवर मैल मैल, थंडीत गाडीखाली निजलेले शेतकरी, ग्रेडवरून भांडणे, चुकाऱ्यासाठी हेलपाटे. माझ्या पिढीच्या आठवणीतले ‘जिनिंग’ ते हे. वाफेचे कोणी पाहिलेले नाही. योजना संपल्यावर रस्त्याकडेला नवी, पत्र्याची जिनिंग आली आणि जुनी आवारे गावाच्या मध्यात सापडून भूखंडाच्या भावाने मोजली जाऊ लागली. १९७४ मध्ये केंद्राने ज्या १०३ आजारी गिरण्या राष्ट्रीयीकृत केल्या त्यांत औरंगाबाद होती, नांदेडची उस्मानशाहीही होती. त्यांच्यासाठी कायदे झाले, मोर्चे निघाले. जिनिंग बंद पडते त्याची बातमी होत नाही, कारण ती दरवर्षी उन्हाळ्यात बंदच पडते.

गेल्या हिवाळ्यात मानवत भागातल्या एका चालू जिनिंगवर गेलो होतो. दोन रुळांची यंत्रे ओळीने, खालून सरकी पट्ट्यावरून थेट बाहेर, आणि तिचा पिवळट-करडा डोंगर तेलघाण्याकडे जाणाऱ्या ट्रकची वाट पाहत. तेल निघणार, पेंड जनावरांना जाणार. यातली कोणी पेरायला नेतो का, असे मी तिथल्या मुकादमाला विचारले. तो हसला. “सर, सरकी पेरायचा जमाना गेला. आता पेरतं कोण?”

परत फिरताना जुन्या आवारावरून आलो. प्रेसच्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचून हिरवे झाले होते, बॉयलरच्या जागी बाभळी. कुंपणाच्या कडेला, कधीतरी सांडलेल्या सरकीतून उगवलेली चार-दोन पऱ्हाटीची झाडे होती. कोणी न लावता आलेली, कोणी न फवारलेली. त्यांना बोंडे फुटली होती. एक बोंड तोडून बोटांनी सरकी सोडवून पाहिली, धागा ताणून पाहिला. जात काही ओळखता आली नाही.